शुद्धिपत्र

अंक वर्षाला चार निघायचे. आता तीन,
आणि तिसरा बहुतेक फेब्रुवारीत, मागल्या वर्षाची तारीख लावून.
सेगेदच्या विद्यापीठात, तळघरात, बॉयलरशेजारी आमची खोली.
हिवाळ्यात ऊब फुकट.
उन्हाळ्यात घामही.

यंदा आलेले लेख एकसष्ट.
परीक्षकांकडे गेले चाळीस.
अभिप्राय परतले सात,
त्यातल्या एकात नुसतं "ठीक आहे"
आणि खाली भली लांबलचक सही.

लोकांना वाटतं संपादक म्हणजे दारावरचा माणूस,
याला आत घे, त्याला घालव.
मी आठवण करून देणारी बाई आहे.
"आदरणीय डॉ. केमेनेश, आपल्याला स्मरत असेलच..."
त्यांना स्मरत नसतं. मला ते माहीत असतं.
तरी दर सोमवारी स्मरत असेलच.

मार्चमध्ये देब्रेत्सेनहून पत्र आलं,
बोरोका तिमार, दुसरं वर्ष, संगणकशास्त्र.
"१९८७, अंक दोन, पान अकरा, समीकरण सहा.
तिसऱ्या पदाआधी उणे चिन्ह हवं.
ते नाही, म्हणून शिरोबिंदू विषम असले
की हा अल्गोरिदम कधीच थांबत नाही.
मी रात्रभर चालवून पाहिला."

सत्त्याऐंशी साली मी संपादक नव्हते.
टंकलेखिका होते, बावीस वर्षांची.
यंत्राला दोन गोळे: एक अक्षरांचा, एक चिन्हांचा.
प्रत्येक उण्यासाठी अक्षरांचा काढायचा, चिन्हांचा बसवायचा,
एक टक्,
पुन्हा अक्षरांचा.
त्या लेखात दोनशे बारा उणी होती. मोजली होती मी,
कारण पैसे पानावर मिळायचे, चिन्हावर नाही.
म्हणजे एकदा कंटाळा केला असणार.
अडतीस वर्षं एक यंत्र कुठेतरी गरगरत राहिलं
माझ्या एका कंटाळ्यापायी.

लेखक लोरान्त हालमी, वय अठ्ठ्याऐंशी,
माकोच्या वृद्धाश्रमात.
बसने गेले. दोन्ही बाजूंना कांद्याची शेतं,
बसमध्येही कांद्याचा वास.
त्यांनी भिंग लावून पान पाहिलं, फार वेळ नाही.
म्हणाले, "चला. कुणीतरी अकराव्या पानापर्यंत पोचलं."

त्यांना माहीत होतं.
अंक हातात पडला त्याच आठवड्यात.

"मग कळवलं का नाही?"
"आधी वाटलं, तुमची नोकरी जाईल.
मग दहा जणांनी लेखाचा संदर्भ दिला.
मग..." त्यांनी भिंग रुमालात गुंडाळलं.
"मग लाज वाटली. लाजेला कारण लागत नाही, वय लागतं."
नर्सने गोळ्या आणल्या. त्यांनी मला एक बिस्कीट दिलं.

परतल्यावर कपाट उपसलं.
मूळ हस्तलिखित सापडलं, निळी शाई, चौकटीचा कागद.
समीकरण सहा नेमकं घडीवर.
तिथे एक आडवी रेघ आहे.
ती उणे असेल, किंवा कागद अडतीस वर्षं दुमडून पडलेली सुरकुती.
दिव्याखाली धरलं, खिडकीशी धरलं.
बॉयलर सुरू झाला, मी कागद होता तसा मिटवला.

छापलं ते एवढंच:
"पान ११, समीकरण ६: तिसऱ्या पदाआधी उणे चिन्ह वाचावे.
लक्षात आणून दिल्याबद्दल बोरोका तिमार यांचे आभार."
चूक कुणाची, याला आमच्या रचनेत रकाना नाही.

तिला एक लेख परीक्षणाला पाठवला.
चार दिवसांत नऊ पानं आली.
केमेनेशांचं नाव मी यादीतून काढलं नाही,
फक्त खाली सरकवलं.

आणि शुद्धिपत्राचं प्रूफ तीनदा वाचलं.
तिसऱ्यांदा दिसलं,
अकराचं सतरा झालेलं.